केटीला न्यायला येणारी गाडी

आमच्या होस्टेलवर दोन कुत्री आहेत. एकाचं नाव केटी. हे नाव का, ते इंजिनिअरिंगवाल्यांना सांगायला नको. कितीही प्रयत्न करा, पाठ सोडत नाही! मागच्या गेटमधून हाकलला की पुढच्या गेटने हजर. दुसरी व्हायवा. ही एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण एक्स्टर्नल आले की हिला कसं कळतं देव जाणे. गेल्या वर्षी ओरल्सच्या वेळी एका सरांना तिने पार्किंगपासून लॅबच्या दारापर्यंत भुंकत पोचवलं. त्या बॅचला किती मार्क पडले ते विचारू नका.

परवा मेसच्या दाराला एक अर्ज चिकटवलेला दिसला. "कॅम्पसवरील भटक्या कुत्र्यांचा तातडीने बंदोबस्त करण्यात यावा." खाली सह्यांचे रकाने. रात्रीच्या जेवणापर्यंत एकशे बारा सह्या झाल्या होत्या. माझ्या रूममेटची सत्तेचाळिसावी. मी पेन काढलं, दोन मिनिटं उभा राहिलो आणि सही न करताच ताट घ्यायला गेलो. तेव्हापासून आमच्या रूमवर जे भांडण चाललंय, ते आता इथे लिहून टाकतो. निदान रात्री झोप तरी मिळेल.

आधी सह्या करणाऱ्यांची बाजू, कारण ती खोटी नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर फर्स्ट इयरचा एक मुलगा रात्री साडेदहाला लायब्ररीतून परत येत होता. कॅन्टीनच्या मागे जी पाच-सहा कुत्र्यांची टोळी असते, तिने त्याला घेरलं आणि एकाने पोटरीचा लचका तोडला. चावणारा केटी नव्हता. पण चावा ज्याला बसला त्याला त्याने काय फरक पडतो? आम्ही त्याला नळाखाली बसवून साबणाने जखम धुतली. (हे सगळ्यांनीच पाठ करून ठेवा: हळद नाही, चुना नाही, तिखट नाही. वाहतं पाणी, साबण आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं.) मग रात्रीच दवाखाना. जखम खोल म्हणून लसीबरोबर जखमेतही इंजेक्शनं द्यावी लागली. पोरगा ओरडला नाही, पण नंतर पंधरा दिवस तो लायब्ररीत गेला नाही, आणि सबमिशन तोंडावर होतं.

रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्या देशात २००५ पर्यंत बंद झाली. आता दंडात चार-पाच डोस पुरतात, वेळेत घेतले तर. म्हणून "बिच्चारे मुके जीव" एवढं म्हणून जो हा विषय संपवतो, त्याच्याशी माझं जमत नाही. रात्री त्या बोळातून मलाही जायचं असतं.

तर मग सही का नाही केली? कारण अर्ज वाचल्यावर मी ऑफिसात जाऊन एकच प्रश्न विचारला. गाडी कुत्री उचलून नेते, ती कुठे?

"शेल्टरला."

"शेल्टरला किती जागा आहे?"

"ते महापालिका बघेल."

"मारत नाहीत ना?"

"छे हो, कायदाच आहे तसा."

हे शेवटचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे, आणि माझी झोप उडाली ती त्याच उत्तराने.

आपल्या राज्याला हा वाद नवा नाही. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत कंपनी सरकारच्या पोलिसांनी मोकाट कुत्री मारायची मोहीम काढली. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस होतं, त्यामुळे पाळलेली कुत्रीही सुटेनात. पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि शहर बंद पडलं. मुंबईतल्या पहिल्या मोठ्या दंगलींत या कुत्र्यांच्या दंगलीचं नाव घेतलं जातं! दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. कुत्र्यांवरून सुरू झालेल्या त्या जागेत आज मुख्यतः गाईगुरं आहेत. आपल्या नाशिकच्या पंचवटी पांजरपोळीचंही मूळ एकोणिसाव्या शतकातलं, १८७८ चं. तीही गोधनासाठीच ओळखली जाते. म्हातारी गाय सांभाळायला दाता मिळतो. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी पावती फाडणारा अजून मला तरी भेटलेला नाही.

नंतरची दीडशे वर्षं कुत्री मारण्यातच गेली. गावोगावी नगरपालिकेची माणसं कुचल्याचं विष घातलेलं खाणं टाकत फिरायची. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, सकाळी गल्लीत काय दिसायचं ते सांगतील. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला, तरी हृदयात कुचल्याचं इंजेक्शन देऊन मारणं ही क्रूरता आहे हे त्यात लिहिलं गेलं १९८२ च्या दुरुस्तीत. मुंबई महापालिका तर १९९४ पर्यंत विजेचा झटका देऊन दरवर्षी हजारोंनी कुत्री मारत होती. एवढं मारून मुंबईतली कुत्री संपली का? २०१४ मध्ये मोजणी झाली तेव्हा ती पंचाण्णव हजारांवर भरली.

२००१ मध्ये केंद्राचे नियम आले: कुत्र्याला पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, कानाला खाच पाडा आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बहुमताने उपद्रवी कुत्री मारण्याची मुभा पालिकांना दिली, पण २००९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २०२३ च्या नव्या नियमांनी तर 'भटकं' हा शब्दच बाजूला ठेवून 'सामुदायिक प्राणी' म्हटलं. म्हणजे अमेरिकेत ज्या 'नो-किल' साठी लोक चळवळी करतात, ते आपल्याकडे कागदावर आधीपासून आहे. जीवघेणी जखम झालेल्या किंवा बऱ्या न होणाऱ्या कुत्र्याला पशुवैद्याने दयामरण द्यावं, एवढाच अपवाद. रेबीजची शंका असलेल्यालाही वेगळं ठेवून त्याच्या नैसर्गिक मरणाची वाट बघायची.

मग २०२५ आलं. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली सगळी मोकाट कुत्री शेल्टरमध्ये हलवायला सांगितली. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं आणि रेबीज झालेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी-लसीकरण करून मूळ जागी सोडा असं सांगितलं. आणि ७ नोव्हेंबरला आपल्याशी थेट संबंध असलेला आदेश आला. शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली मोकाट कुत्री उचलायची, नसबंदी-लस करून शेल्टरमध्ये ठेवायची, आणि पुन्हा त्याच जागी सोडायची नाहीत. आवाराला कुंपण घालायचं, एक नोडल अधिकारी नेमायचा.

त्या पोरासाठी मला हा आदेश समजतो. पण यात एक गणित आहे, आणि ते आपल्या सिलॅबसमधलंच आहे.

प्रॉडक्शन आणि कॉम्प्युटरवाल्यांनी लिटल्स लॉ केलेला असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात: १९६१ मध्ये जॉन लिटल या प्राध्यापकाने सिद्ध केलेलं अगदी साधं सूत्र. आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे आत येण्याचा दर गुणिले प्रत्येकाचा आत राहण्याचा सरासरी काळ. आपल्या मेसमध्ये मिनिटाला चार पोरं येतात आणि एकेक जण पंधरा मिनिटं बसतो, म्हणजे कुठल्याही क्षणी साठ पोरं आत. खुर्च्या चाळीस असतील तर वीस जण ताट हातात घेऊन उभे. सूत्राला पोरं, पाणी, पॅकेट काहीही चालतं. कुत्रीही चालतात.

आता एक नसबंदी केंद्र घ्या. रोज दहा कुत्री येतात, ऑपरेशन होतं, जखम भरेपर्यंत धरून एकूण सहा दिवस ठेवतात आणि मूळ जागी सोडतात. पिंजरे लागले साठ. साठ पिंजरे कुठलीही महापालिका बांधू शकते.

तेच केंद्र आता शेल्टर करा. रोजची कुत्री तीच दहा, पण सोडायचं नाही. समजा आत कुत्रं सरासरी आठ वर्षं जगलं. दहा गुणिले ३६५ गुणिले आठ. एकोणतीस हजार दोनशे! कुत्र्यामागे दिवसाला पन्नास रुपये खर्च धरला (माझ्या अंदाजाने हे कमीच आहेत), तर वर्षाला त्रेपन्न कोटींच्या वर. हा हिशेब मी रूममेटला दाखवला. तो म्हणाला, "मग काय, एवढी मोठी शेल्टरं बांधणारच नाहीत. तीनशेचं बांधतील."

बरोबर. तीनशेचंच बांधतील. आणि इथे सूत्र उलटं वाचायचं. जागा तीनशेची, रोज येणारी दहा. तीनशे भागिले दहा म्हणजे तीस दिवस. याचा अर्थ, त्या शेल्टरमध्ये कुत्रं सरासरी तीस दिवसच राहू शकतं. त्यानंतर ते बाहेर पडलंच पाहिजे, नाहीतर नवीन आत येऊ शकत नाही. रस्त्यावर सोडायला बंदी. दत्तक न्यायला कुणी आलेलं नाही. मारायला कायद्याने मनाई.

मग ते बाहेर कसं पडणार?

याचं उत्तर मी पाहिलेलं आहे. सेकंड इयरच्या उन्हाळ्यात एका शहरातल्या शेल्टरमध्ये मी तीन आठवडे काम केलं. शहर आणि संस्था दोन्हींची नावं घेत नाही. ती चालवणाऱ्या बाई सकाळी सहाला स्वतः भात शिजवायच्या, त्यांना दोष देण्याची माझी लायकी नाही. जागा होती चाळीस कुत्र्यांची, आत शंभराच्या वर. लोक गेटला बांधून जायचे, रात्री भिंतीवरून पिल्लं आत टाकायचे. का? तर "इथे मारत नाहीत" म्हणून! दुसऱ्या आठवड्यात पिल्लांमध्ये पार्व्हो शिरला. पार्व्होचा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्‌महिने टिकतो. वेगळं ठेवायला खोली नव्हती, कारण वेगळ्या खोलीतही कुत्रीच होती. अकरा पिल्लं गेली. शेवटच्या तीन मी स्वतः पोत्यात घातली. मोठ्यांमधली दोन जी मेली ती आजाराने नाही, रात्री एकाच जाळीत आठ जण कोंडल्याने झालेल्या मारामारीत. तिथल्या फळ्यावर रोजचा हिशेब लिहायचे: आलेली, दत्तक गेलेली, मृत. 'मारलेली' असा रकानाच नव्हता. ती संस्था खरोखर नो-किल होती.

त्या पोत्यांपासून मला वाटतं की नो-किल हा शब्द आपण चुकीच्या दारावर लावतो. सुई टोचली की नाही एवढंच आपण विचारतो. येणाऱ्यांचा ओघ किती आणि जाणाऱ्यांना वाट कुठली, हे कुणी विचारत नाही.

ज्यांनी हे आधी करून पाहिलं त्यांच्याकडेही हेच दिसतं. इटलीने १९९१ मध्ये कायदा करून मोकाट कुत्री मारणं देशभर बंद केलं. हेतू उत्तम. पण कुत्री आयुष्यभरासाठी केनेलात गेली, खासगी केनेलवाल्यांना नगरपालिका कुत्र्यामागे रोजाने पैसे देऊ लागल्या, आणि दत्तक गेलेलं कुत्रं म्हणजे बुडालेली कमाई असा उफराटा हिशेब ठिकठिकाणी तयार झाला. तैवानची गोष्ट अधिक वाईट. तिथे सरकारी शेल्टरमध्ये कुत्र्यांना दयामरण देण्याचं काम करणाऱ्या एका तरुण पशुवैद्य बाईंनी २०१६ मध्ये आत्महत्या केली. ती कामं रोज करायची आणि वरून लोकांच्या शिव्याही खायच्या. २०१७ च्या फेब्रुवारीत तिथे शेल्टरमधलं मारणं कायद्याने बंद झालं आणि त्यानंतर शेल्टरं तुंबू लागली.

जिथे जमलं तिथे दार दोन्हीकडून सांभाळलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ मध्ये तिथल्या प्राणीसंस्थेने सरकारी शेल्टरशी करार केला की दत्तक देण्याजोगं एकही जनावर मारलं जाणार नाही, तुम्हाला जागा नसेल तर आम्ही घेऊ. टेक्ससमधलं ऑस्टिन शहर २०११ मध्ये शंभरातली नव्वद जनावरं वाचवण्याच्या टप्प्यावर पोचलं. नव्वदच का? कारण उरलेल्या दहांत अगदी आजारी किंवा खरोखर धोकादायक जनावरं असतात, हे तिथले नो-किलवालेही मान्य करतात. त्यांनी तात्पुरतं घरी सांभाळणारी कुटुंबं उभी केली, दत्तक देण्यावर जोर लावला, म्हणजे आत राहण्याचा काळ कमी केला. सूत्र तेच!

पण अमेरिकेची नक्कल इथे जशीच्या तशी चालणार नाही. तिथे शेल्टरमध्ये बहुतेक घरातून आलेली किंवा हरवलेली कुत्री. आपल्याकडे २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीच्या वर आणि एकट्या महाराष्ट्रात पावणेतेरा लाख मोकाट कुत्री मोजली गेली. पावणेतेरा लाख घरं कुठून आणणार? आपल्याकडे शेल्टरचं मागचं दार म्हणजे रस्ताच आहे, हे २००१ च्या नियमांनी ओळखलं होतं. नसबंदी झालेलं, लस घेतलेलं कुत्रं आपल्या गल्लीत परत गेलं की ते जागा राखतं, बाहेरच्याला येऊ देत नाही, पिल्लं घालत नाही आणि रेबीज पसरवत नाही. यात दयेपेक्षा व्यवहारच जास्त आहे. शेजारच्या गोव्याने शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस टोचायचा ध्यास घेतला, गल्लीबोळ पिंजून काढले, आणि २०२१ मध्ये ते रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. भूतानमध्ये कुत्री कोंडून ठेवण्याचे प्रयोग आधी करून झाले होते. ते फसल्यावर २००९ पासून चौदा वर्षं त्यांनी नसबंदीच केली आणि २०२३ मध्ये देशातल्या सगळ्या मोकाट कुत्र्यांची नसबंदी झाल्याचं जाहीर केलं. चौदा वर्षं... आपल्याकडे चौदा वर्षांत किती ठेकेदार बदलतात?

नाशिक महापालिकेचंही विल्होळीला निर्बीजीकरण केंद्र आहे. तिथल्या कारभाराबद्दल ऐकीव गोष्टी मी लिहिणार नाही. पण एवढं नक्की, की जे केंद्र आठवडाभर कुत्री ठेवण्यासाठी उभं केलंय, त्याच्या जोरावर शहरातल्या प्रत्येक शाळा, कॉलेज, दवाखाना आणि स्टँडवरची कुत्री जन्मभर सांभाळता येत नाहीत. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. त्याआधी शहर 'स्वच्छ' करण्याची घाई होईल, तेव्हा येणाऱ्यांचा दर आणखी वाढेल. जागा किती, हा प्रश्न आज विचारला नाही तर तेव्हा कुणाला ऐकू येणार नाही.

आता आपल्या आवारात या. केटी-व्हायवाला गाडीत घालून दिलं, समजा. कॅन्टीनमागची टोळीही दिली. महिनाभर शांतता. पुढे? मेसच्या मागे रोज रात्री जे दोन पिंप भात-पोळ्या-आमटी आपण उघड्यावर ओततो, ते कोण खाणार? नवीन कुत्री येणार, आणि ती लस न टोचलेली असणार. नामदेव महाराज कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले होते, पण ती त्यांच्या स्वतःच्या पोळीसाठी! आपण ओततो ती भक्ती नाही, निव्वळ आळस आहे. आणि तो ढीग नुसता कुत्र्यांनाच बोलावत नाही. आपल्या शेजारी अकोल्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यात ३९ टक्के वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. गंगापूर रोडला बिबट्या दिसल्याची बातमी आता आपल्याला नवी राहिलेली नाही. भात कुत्र्याला बोलावतो, कुत्रं बिबट्याला, आणि आपण मेस कमिटीच्या मीटिंगमध्ये पनीर आठवड्यातून एकदा की दोनदा यावर दीड तास घालवतो.

न्यायालयाचा आदेश पाळायचाच आहे, मी पाळू नका म्हणत नाही. पूर्ण पटला नसला तरी. पण गाडी बोलावण्याआधी करता येण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं काहीच खर्चिक नाही. मेसचं उरलेलं झाकणाच्या पिंपात आणि तिथून रोजच्या रोज बायोगॅसला. सिव्हिलच्या थर्ड इयरने गेल्या वर्षी प्रोजेक्टसाठी केलेलं मॉडेल शोकेसमध्ये धूळ खात पडलंय, ते खरंच बांधा की! कॅन्टीनमागच्या बोळात दोन दिवे. मागच्या कुंपणाचं भगदाड बुजवणं, ज्यातून कुत्री येतात आणि साडेदहानंतर आपणही. (रेक्टर सर, हे वाक्य वाचलं नाही असं समजा.) कुत्र्यांची मोजणी करून नर-मादी, कानाला खाच आहे की नाही, माणसाळलेलं की नाही याची यादी. जी माणसाळलेली आहेत त्यांना गाडी येण्याआधी घर शोधायचं. दत्तक घ्यायला मनाई नाही, २२ ऑगस्टच्या आदेशात तर प्राणिप्रेमींनी कुत्री दत्तक घ्यावीत, फक्त ती परत रस्त्यावर येता कामा नयेत, असंच सांगितलंय. आणि जी द्यावीच लागतील, त्यांच्यासाठी नोडल अधिकाऱ्यांनी गाडीवाल्याकडून लेखी घ्यायचं: कुठे नेता, तिथली जागा किती, आज आत किती आहेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. एका कटिंगपेक्षा कमी नाही, पण परवडतो.

हे सगळं ऐकून रूममेट म्हणाला, "भो, तुझा लिटल्स लॉ पोटरीला चावत नाही." मी म्हणालो, बरोबर आहे. चावणाऱ्या त्या एका कुत्र्याला वेगळं करून नेलंच पाहिजे, त्यावर माझी सही घे. पण त्याच्या नावावर सात जणांना पाठवायचं आणि कुठे ते विचारायचं नाही, हे मला जमणार नाही. तो गप्प बसला. पटलं म्हणून नाही, दुसऱ्या दिवशी एम-थ्रीचा पेपर होता म्हणून.

पण एक झालं. चावा बसलेल्या त्या फर्स्ट इयरच्या पोराला मी यादी करायला मदत करशील का विचारलं. मला वाटलं नाही म्हणेल. तो आला. लांब उभा राहिला, हातात काठी होती, पण रजिस्टर त्यानेच लिहिलं. सात कुत्री. दोघांच्याच कानाला खाच, त्यातली एक व्हायवा. लसीचा पत्ता कुणाच्याच बाबतीत नक्की नाही. 'चावणारा' या रकान्यात त्याने एकाच कुत्र्यापुढे खूण केली, तांबूस, डाव्या पायाने लंगडणारा. मग म्हणाला, "हा लंगडतो ते तेव्हा दिसलं नव्हतं."

मेसच्या दारावरचा अर्ज आम्ही काढला नाही. त्याच्या शेजारी दुसरा लावलाय, वरच्या सगळ्या मागण्यांचा. आज सकाळपर्यंत एकतीस सह्या. दोन्हीकडे सही केलेले नऊ जण आहेत, आणि मला वाटतं त्यांनाच विषय सगळ्यात नीट कळलाय.

केटीची सोय झाली. मेसच्या मावशींच्या भावाची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, तिथे त्याला राखणीला नेणार आहेत. नसबंदी आणि लस आधी करून देण्याची जबाबदारी आमची, त्यासाठी वर्गणी चालू आहे. तो तिथून परत येणार नाही याची खात्री मात्र कुणीच देत नाही. नाव ठेवणाऱ्यांनी तरी जरा विचार करायचा होता.

व्हायवाचं अजून ठरलेलं नाही. वय अंदाजे चार वर्षं, नसबंदी झालेली, पोळी-दूध चालतं, फटाक्यांना घाबरते, लहान मुलांशी चांगली. अनोळखी माणूस इनशर्ट करून, हातात फाइल घेऊन आला तरच भुंकते. स्टाफपैकी कुणाच्या घरी जागा असेल तर कळवावं. रोज रात्री साडेआठला ती मेसच्या मागच्या पायरीवर असते.